काड्यांच्या डब्याचा संशय

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. ज्याला झाकण आहे त्याने सावधच राहावं.

बोईसरच्या एमआयडीसीत मला ठोकून आकार दिला. आधी माझ्यात बिस्किटं होती. ती संपली तशी माझी कुणाला गरज उरली नाही. मग चौथीच्या जागृतीबाई मला शाळेत घेऊन आल्या आणि माझ्या पोटात बांबूच्या काड्या भरल्या. दहा काड्यांना एक रबर लावलं की झाला दशक. रबराशिवायच्या त्या सुट्ट्या, म्हणजे एकक. भागाकारात दशक उरला की जुडी सोडायची आणि त्या काड्या सुट्ट्यांत मिसळायच्या. किती पोरांचं गणित मी सोपं केलं! बाई तोंडभरून कौतुक करायच्या. सुट्टी लागली की मात्र कपाटावर धूळ खात ठेवून जायच्या, तेही माझ्या चांगलं लक्षात आहे.

यंदा बाईंनी गृहपाठासाठी मला नवसीच्या घरी पाठवलं. कुंभवलीतली भाड्याची खोली. आईबाप दोघंही कंपनीत पाळीवर. घरी असायचा तो तिचा आजा, गोमा, डोंगरातल्या पाड्यावरून आलेला. त्याने मला कानाशी धरून खुळखुळवलं, तेव्हाच तो माझ्या मनातून उतरला. चुलीला काड्या हव्या असणार, दुसरं काय?

नवसी शाळेत गेलेली असताना त्याने झाकण उघडलंच. जुनी रबरं तटातट तुटली. त्याने सगळ्या काड्या जमिनीवर ओतल्या, बराच वेळ खुडबुड केली आणि वाखाच्या दोरीने बांधून परत ठेवल्या. मी पोटात चाचपून पाहिलं, तर जुड्या निम्म्याच! मारला म्हाताऱ्याने हात, मी मनाशी म्हटलं. वजन मात्र होतं तेवढंच लागत होतं. ते काही केल्या मला उमगेना.

तेव्हापासून नवसीचे भागाकार चुकू लागले. बहात्तर भागिले तीनचं उत्तर तिने लिहिलं सत्तावीस, बाकी एक. बाईंना वाटलं, शेजारची आठवीतली स्नेहा हिला काहीतरी खरडून देते. खरं सांगू, मलाही स्नेहाचा संशय होताच. बाईंनी बजावलं की उद्या वर्गात सगळं करून दाखव, नाहीतर गणिताला दुसरीच्या मुलांत बसावं लागेल. नवसीने घरी येऊन दप्तर भिरकावलं. आता शाळेत जाणारच नाही म्हणाली आणि जेवलीही नाही. मला फार वाईट वाटलं.

सकाळी गोमाने तिचा हात धरला, मला काखेत मारलं आणि थेट वर्ग गाठला. मी म्हटलं, आता हा सगळा आळ माझ्यावर घालणार.

नवसीने बाईंसमोर मांडणी केली. सात जुड्या, दोन सुट्ट्या. तीन वाटे केले, प्रत्येकात दोन जुड्या. एक उरली, ती तिने सोडली. बाई तिच्या काड्या मोजू लागल्या. दहा झाल्या, तरी काड्या संपेनात.

"एका जुडीत किती गं?" बाईंनी विचारलं.

"कोडी," नवसी पुटपुटली. "वीस."

गोमा पुढे झाला. "मीच बांदल्यात, बाय. रबर तुटलं व्हतं. आमी पळसाची पानं कोडीच्या जुडीनंच बांदतो. दहाची जुडी बाजारात कोन घेल?"

बाईंनी सगळ्या काड्या मोजल्या. बहात्तर म्हणून पोरीने एकशे बेचाळीस काड्या मांडल्या होत्या आणि त्यांचे वाटे अगदी बिनचूक केले होते: प्रत्येकी दोन जुड्या, सात सुट्ट्या आणि बाकी एक. एकही काडी चुलीत गेली नव्हती.

"नवसी, वाटे तू बरोबरच केलेस," बाई म्हणाल्या. "मी स्नेहावर संशय घेतला, पण जुडीत किती काड्या आहेत ते विचारलंच नाही."

नवसी चौथीतच राहिली. त्या दिवशी तिने आणि आजाने मिळून सगळ्या जुड्या सोडल्या आणि दहा-दहाच्या बांधल्या. तो दोरी ताणून धरायचा, ती गाठ मारायची. आजाने हळूच अकरावी काडी सरकवली की ती त्याच्या हातावर चापट मारायची.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझं झाकण घट्ट लावा. आणि कुणाचं उत्तर चुकलं, तर त्याच्यावर संशय घेण्याआधी त्याची जुडी सोडून बघा.