न मुरलेलं बीड

डंगवर्थच्या कारखान्यामागे एक मोकळं आवार होतं. त्याला सगळे ‘बाग’ म्हणत. बागेत गवताची काडी नव्हती. तिथे सुतारांच्या रंध्यांचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, सांगाडे रचून ठेवलेले असत. शेफील्डच्या पावसात, धुक्यात, बर्फात ते वर्षभर गंजत पडलेले. नवख्याला वाटे, भंगार आहे. भंगार नव्हतं. ओतशाळेतून नुकतंच आलेलं बीड आतून ताणलेलं असतं. उघड्यावर पडलं की ते हळूहळू सैलावतं, काय वाकायचं ते वाकून घेतं. त्यानंतर त्याचा तळ घासून सपाट केला की तो माणसाच्या जन्मभर सपाट राहतो. मुरू द्यावं लागतं, बस. डंगवर्थचा रंधा इतरांपेक्षा दुप्पट महाग का, याचं निम्मं उत्तर त्या बागेत गंजत असायचं.

लंडनच्या मंडळींनी कारखाना घेतला आणि मिस्टर ऑर्मला मॅनेजर म्हणून पाठवलं. बत्तीस वर्षांचा पोरगा, बूट चकचकीत. पहिल्याच आठवड्यात तो बागेत उभा राहून म्हणाला, “हे इथं काय करतंय?”

“मुरतंय,” विल्फ ड्रॉनफील्ड म्हणाला. विल्फ म्हणजे तिथला सगळ्यात जुना ग्राइंडर. चाळीस वर्षं त्यानं रंध्यांचे तळ घासले होते.

“किती दिवस?”

“वर्ष.”

“आणि वर्षभर ते करतं काय?”

“पडून राहतं, साहेब. तुमच्या लंडनच्या संचालकांसारखं.”

लोक खो-खो हसले. ऑर्मही हसला. आणि मे महिन्यात त्यानं बाग रिकामी केली, डांबर टाकलं, पांढरे पट्टे मारले आणि तिथे आपली गाडी लावली. पाऊस गाडीवर पडत राहिला. उन्हाळाभर जुनं, मुरलेलं बीड वापरायला पुरलं. ऑक्टोबरपासून ओतशाळेतला माल दहाव्या दिवशी विल्फच्या यंत्रावर यायला लागला.

विल्फच्या यंत्रावरून रंधा जुळणीला जाई आणि तिथून ईनिड स्टॅनिफोर्थच्या टेबलावर. ईनिड शेवटची तपासणीस. तिच्यापुढे ओतीव लोखंडाची सपाट लादी असे. तिच्यावर ती रंधा ठेवी आणि अर्ध्या केसाच्या जाडीची पोलादी पात तळाखाली सरकवून बघे. पात शिरली की रंधा परत. नाही शिरली की खोक्यात एक छापील चिठ्ठी, ‘तपासला, योग्य’, आणि खाली शाईनं तिची दोन अक्षरं, ई. एस. वीस वर्षं ती अक्षरं देशभर जात होती. दुकानात गिऱ्हाइकं खोकं उघडून आधी चिठ्ठी बघत. ‘ई. एस.चा आहे का?’ असं विचारत. ई. एस. म्हणजे कुणीतरी दाढीवाला म्हातारा असणार, अशीच बहुतेकांची समजूत. ईनिडला याची मोठी गंमत वाटे. कुणाला सांगत नसे, पण वाटे.

ऑक्टोबरचा पहिला माल आला. सगळे रंधे सपाट होते. पात कुठेच शिरेना.

“बघ, काही झालं नाही,” ती विल्फला म्हणाली.

“आज नाही झालं,” विल्फ म्हणाला. “सहा काढून फळीवर ठेव. हात लावू नकोस. नाताळच्या आधी बघ.”

तिनं सहा ठेवले. नाताळच्या आदल्या आठवड्यात एकेक काढून लादीवर ठेवला. पहिल्याखाली पात अशी सरकली, जशी दाराखालून टपालवाल्याची चिठ्ठी. दुसऱ्याखालीही. सहांतले चार मध्ये पोकळ झाले होते. कुणी हात लावला नव्हता, कुणी पाडले नव्हते. फळीवर बसल्या बसल्या वाकले होते.

ती चारही घेऊन ऑर्मच्या खोलीत गेली.

“मिसेस स्टॅनिफोर्थ, तुम्ही तपासलेत त्या दिवशी हे सपाट होते?”

“हो साहेब, पण—”

“तुमची चिठ्ठी काय म्हणते? तपासला, योग्य. होता ना योग्य? मग खोटं कुठं आहे?”

“सुताराच्या पेटीत दोन महिन्यांनी—”

“सुताराच्या पेटीची जबाबदारी आपली नाही.” मग तो अगदी मायेनं बोलला. असली माणसं घाव घालतानाच मायेनं बोलतात. “लंडनला कारखाना बंद करायला कारण हवंच आहे हो. इथं साठ माणसं कामाला आहेत. हे बाहेर गेलं तर सगळी घरी. तुम्हीच ठरवा.”

ईनिडचा नवरा केन याचं पोलादाच्या भट्टीवरचं काम सुटून आठ महिने झाले होते. तो दिवसभर स्वयंपाकघरात बसून रेडिओचे स्क्रू काढी आणि परत लावी. ईनिड टेबलावर परत आली. चार रंधे तिनं विल्फकडे परत घासायला दिले आणि उरलेल्या ढिगाच्या चिठ्ठ्या लिहायला घेतल्या.

विल्फ शेजारी येऊन उभा राहिला. “सही करू नकोस, पोरी.”

“मग काय करू?”

“चिठ्ठी कोरी सोड. महिन्याभरात दुकानं विचारतील, ई. एस. कुठं गेला? मग ऑर्मला उत्तर द्यावं लागेल. मी बोंबललो तर म्हातारा किरकिर करतोय म्हणतील. तुझ्या अक्षरांना वजन आहे.”

“आणि मला काढलं तर? केन घरी, मी घरी. दोघं मिळून रेडिओ खोलत बसू?”

विल्फ आपल्या यंत्राकडे परत गेला. तो हट्ट करणारा माणूस नव्हता. त्यानं हट्ट करायला हवा होता, असं ईनिडला पुढे कितीदा वाटलं. पण आपल्या भ्याडपणाचा दोष दुसऱ्याच्या गप्प बसण्यावर टाकणं सोपं असतं, हेही तिला कळत होतं.

मार्चमध्ये विल्फ निवृत्त झाला. डंगवर्थमध्ये एक रीत होती. निवृत्त होणारा माणूस शेवटच्या वर्षी बागेतला एक सांगाडा स्वतः निवडे, त्यावर आपल्या नावाचं अक्षर ठोके. वर्षभर तो त्याच्यासाठी मुरे. मग प्रत्येक जण त्यावर आपलं सगळ्यात चांगलं काम करी आणि शेवटच्या दिवशी तो रंधा त्याच्या हातात देत. विल्फनंही आदल्या मार्चमध्ये ‘डब्ल्यू’ ठोकलेला सांगाडा बागेत ठेवला होता. मे महिन्याच्या साफसफाईत तो बाकीच्या मालात गेला. कुठल्या गावच्या कुठल्या सुताराकडे असेल, देव जाणे. त्याचं नशीब चांगलं.

मग विल्फसाठी नवीन घ्यावा लागला. दहा दिवसांचा. लोकांनी जीव ओतला, पितळेची पट्टी आरशासारखी झाली, मूठ रोझवूडची. ईनिडनं लादीवर ठेवला. पात शिरली नाही. तिनं चिठ्ठी समोर घेतली आणि बराच वेळ पेन नुसतं धरलं. कोरी चिठ्ठी घालायची तर ती आज, याच्यासाठी, हे तिला ठाऊक होतं. मग कँटीनमधून कुणीतरी हाक मारली, “अगं ए ईनिड, केक कापायचा खोळंबलाय!” आणि तिनं सही केली.

कँटीनमध्ये ऑर्मनं भाषण केलं. विल्फनं खोकं उघडलं. रंध्याकडे त्यानं बघितलंच नाही, आधी चिठ्ठी काढली. वाचली. मग मान वर करून ईनिडकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. चिठ्ठी त्यानं परत खोक्यात ठेवली, सगळ्यांशी हात मिळवले, केकचा तुकडा बायकोसाठी रुमालात बांधला आणि गेला.

मे महिन्यात केंडलहून ई. एस.च्या नावानं पत्र आलं. जिने बनवणाऱ्या एका सुताराचं. मोठं, ठसठशीत अक्षर. लिहिलं होतं, ‘तुमची चिठ्ठी बघून हा रंधा घेतला. माझ्या बापाकडेही तुमच्याच चिठ्ठीचा होता, तो अजून सरळ आहे. माझा सहा आठवड्यांत वाकला, ओकच्या दोन पायऱ्या फुकट गेल्या. मला वाटतं, तुम्ही वारला असाल आणि तुमची अक्षरं दुसरं कोणी वापरत असेल. तसं असेल तर घरच्यांना माझा दुखवटा कळवा.’

ईनिडनं पत्र दोनदा वाचलं. ते ॲप्रनच्या खिशात घालून ती तशीच संध्याकाळी विल्फच्या भाजीच्या वाफ्यावर गेली. टेकडीच्या उतारावर नगरपालिकेनं दिलेले ते तुकडे. विल्फ कांदे खुरपत होता. त्यानं पत्र वाचलं, चष्मा काढला.

“सभ्य माणूस आहे. मी असतो तर आईवरून सुरुवात केली असती.”

“विल्फ, तुझ्या रंध्याचं काय झालं?”

त्यानं बोटानं दाखवलं. रुबार्बच्या, त्या आंबट देठांच्या भाजीच्या, मोठ्या पानांखाली, मातीत, पितळ आणि मूठ काढून टाकलेला बिडाचा उघडा सांगाडा पडला होता. लालभडक गंजलेला.

“मुरायला ठेवलाय,” विल्फ म्हणाला. “दुसऱ्या दिवशीच खोलला. पुढच्या जूनमध्ये बघू.”

“तुला त्याच दिवशी कळलं होतं.”

“बीड कसलं आहे ते मला घासतानाच कळलं. मी फक्त बघत होतो तू सही करतेस का.” तो परत खाली वाकला. “तेवढी एक कोरी ठेवली असतीस ना, पोरी. साठ माणसं होती त्या कँटीनमध्ये. मी ती चिठ्ठी उलटसुलट करून सगळ्यांना दाखवली असती. भाषण पाठ करून आलो होतो मी.”

“काय भाषण?”

“आता काय करायचंय ऐकून.”

दुसऱ्या दिवसापासून ईनिडनं सह्या बंद केल्या. कोरी चिठ्ठी घालू लागली. ऑर्म चिडेल, बोलावील, म्हणून ती आठवडाभर दाराकडे बघत बसली. तो आला तो एक रबरी शिक्का घेऊन. त्यावर ई. एस. कोरलेलं होतं, तिच्याच वळणात. “तुमचा हात दमत असेल,” तो म्हणाला. शिक्का मारायला पॅकिंगमधली एक मुलगी बसवली. दुकानांनी काही विचारलं नाही. त्यांना अक्षरं दिसत होती.

पुढल्या एप्रिलमध्ये लंडननं कारखाना बंद केला. परतीचा माल फार झाला, असं कारण दिलं. साठच्या साठ घरी. ज्या साठांसाठी म्हणून ती गप्प बसली होती.

जूनमध्ये विल्फचा निरोप आला. ती गेली तेव्हा त्यानं वाफ्यावरच्या खोपटात बाकावर रंधा ठेवला होता. सांगाडा त्यानं हातानं घासला होता, तीन आठवडे, काचेवर एमरी कागद लावून. पितळ परत बसवलं होतं, मूठ लावली होती.

ईनिडनं पर्समधून आपली जुनी पात काढली. शेवटच्या दिवशी ती तेवढी घरी घेऊन आली होती. काच पुसून रंधा त्यावर ठेवला, चारी बाजूंनी पात लावून बघितली. शिरेना. मधेही नाही, कोपऱ्यातही नाही. आता तो हलणार नव्हता. दोघं गेल्यावरही तो मागे राहिला असता, आणि सपाटच.

“छान झालाय,” ती म्हणाली.

मग तिनं पर्समधून एक चिठ्ठी काढली. छापील, पिवळी पडलेली. तपासला, योग्य. पेनचं टोपण काढलं आणि फळीवर टेकून, सावकाश, वळण सांभाळत ई. एस. लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि त्याच्यापुढे धरली.

विल्फनं चिठ्ठीकडे बघितलं. मग दोन बोटांनी ती हळूच तिच्याकडे परत सरकवली.

“राहू दे, पोरी,” तो म्हणाला. “हा मी तपासलाय.”

आणि त्यानं रंधा जुन्या फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळला, फळीवर ठेवला आणि तिला विचारलं, घरी न्यायला थोडा रुबार्ब देऊ का.