शॅलेची मागची बाजू

आमच्या घरी चार वर्षं जुलै महिना चालला. मालेगावच्या एका सूतव्यापाऱ्याने आमच्या ह्यांना घड्याळांच्या कुठल्याशा कंपनीचं कॅलेंडर दिलं होतं. त्यातल्या जुलैच्या पानावर बर्फाचे डोंगर आणि पुढे एक लाकडी घर होतं. खाली पांढरी भिंत, वर तपकिरी लाकूड, दोन्हीकडून पार खाली उतरलेलं छप्पर आणि सज्जाला लाल फुलांच्या कुंड्या. हे ते पान काही उलटेनात. गणपती झाले, दिवाळी झाली, त्र्याण्णव संपून चौऱ्याण्णव लागलं, तरी भिंतीवर आपला जुलै. गॅसचा नंबर कधी लावला ते मी शेवटी भिंतीवरच पेन्सिलीने लिहू लागले.

हे म्हणजे वेणीमाधव. सकाळी पंचवटीत तीर्थोपाध्याय, म्हणजे बाहेरगावच्या यात्रेकरूंचे विधी सांगायचे, आणि दहानंतर विमा कार्यालयात हेडक्लार्क. माणूस विद्वान, पण डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायची सोय देवाने ठेवलेली नाही.

"असल्या घराला शॅले म्हणतात," त्यांनी मला सांगितलं. "रिटायर झालो की गंगापूर रोडच्या प्लॉटवर आपण हेच बांधायचं."

"आणि गच्ची?"

"शॅलेला गच्ची नसते."

"का नसते?"

"बर्फ साचतो."

"नाशकात?"

"प्रश्न बर्फाचा नाही, शैलीचा आहे," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

आता मी काय मागत होते ते सांगते. लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं आम्ही पंचवटीत भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. गच्ची मालकांची. चैत्रात मालकीणबाई मला मोजून दोन दिवस गच्ची द्यायच्या, तेही सगळ्या बिऱ्हाडांचं झाल्यावर. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, पहाटे उठून चीक शिजवायचा, आणि वर जावं तर मालकीणबाईंच्या गाद्या पसरलेल्या. एके वर्षी त्यांच्या भाच्यांनी पतंग उडवता उडवता माझे सगळे सांडगे तुडवले आणि बाई मलाच म्हणाल्या, "जरा कडेला घालायचे ना!" त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले. मला दागिने नको होते, काशीयात्राही नको होती. स्वतःची गच्ची हवी होती, जिथे कुरडई घालताना कुणाला विचारावं लागणार नाही.

हे रिटायर झाले आणि शहाण्णवच्या दसऱ्याला पाया खणला. नकाशा काढायला आमचा पुतण्या विश्वेश. नुकताच आर्किटेक्ट झालेला, हे त्याचं पहिलंच घर. मिस्त्री झिपरू, पेठच्या डोंगरातला, पन्नाशीचा, बोलणं कमी आणि बघणं जास्त. झिपरूने कॅलेंडर हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

"असं उतरतं छप्पर तं आमच्या गावाला घरोघर हाय," तो म्हणाला. "पाऊस लय पडतो ना. पन हे धुरांडं कशाला?"

"चिमणी आहे ती," हे म्हणाले.

"घरात चूल हाय का?"

"गॅस आहे."

झिपरूने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. चिमणी बांधली गेली. तिच्यातून धूर कधीच निघाला नाही, पहिल्या वर्षीच पारवे मात्र निघाले.

काम सुरू झालं आणि विश्वेशला एक अडचण दिसली. तो संध्याकाळी कॅलेंडर घेऊन आला.

"काका, समोरची बाजू झाली, डावीही दिसते. पण मागची? फोटोत मागची बाजूच नाही."

हे बराच वेळ कॅलेंडर न्याहाळत राहिले. पान उलटूनही पाहिलं, पण मागे ऑगस्ट होता. शेवटी म्हणाले, "दिसतंय तेवढं तंतोतंत कर. मागचं तुम्ही बघा काय ते."

मी दारात लसूण सोलत होते. ते वाक्य मी पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन साइटवर गेले, तर झिपरू तोंड पाडून बसलेला. बांधकामावर एक रीत असते. स्लॅब पडला की घरमालकाने सगळ्या माणसांना जेवण घालायचं. आमच्या घराला स्लॅबच नाही, नुसतं लाकूड आणि कौलं. ह्यांनी तर हसत हसत सांगूनही टाकलं होतं की चला, तेवढी एक पंगत वाचली.

"एवढी घरं बांधली, बाई," झिपरू म्हणाला, "पन स्लॅबचं जेवन नाय असं घर नाय पाहिलं. मान्सं मलाच बोलत्यात."

"झिपरू," मी म्हटलं, "मागच्या बाजूला स्लॅब पडला तर?"

तो हळूच हसला. पहिल्यांदाच.

कट असा ठरला. पुढे उंच छप्पर फोटोबरहुकूम. त्याच्या मागे, स्वयंपाकघरावर आणि कोठीच्या खोलीवर, सपाट गच्ची. समोरून कुणाला दिसायची नाही. खालून छताला फळ्या ठोकायच्या, म्हणजे आतूनही शॅलेच. वर जायला मागच्या भिंतीला लोखंडी शिडी. विश्वेश आधी घाबरला, पण मी त्याला लहानपणी दिलेल्या कुरडयांची आठवण करून दिली, तेव्हा त्याने निमूट नकाशा बदलला.

सिमेंटच्या गोण्या सेप्टिक टँकच्या नावावर आल्या. ह्यांनी त्या ढिगाकडे पाहून विचारलं, "एवढी मोठी टाकी? राहणार आपण दोघंच ना?"

"पाहुणे येतील की," मी म्हटलं.

"हो, तेही खरंच," म्हणाले आणि गेले. मला वाटलं, बिचाऱ्यांना बांधकामातलं काही म्हणजे काही कळत नाही.

झिपरू एका गोष्टीवर अडून बसला. मुहूर्ताशिवाय स्लॅब टाकणार नाही. एकदा असाच टाकला होता आणि खालचे टेकू सरकले होते म्हणे. मी म्हटलं, भटाच्या घरात तीस वर्षं काढली, पंचांग मलाही बघता येतं. बघून बुधवार दिला. त्यातच देव पावला. नामपूरच्या एका कांदाव्यापाऱ्याकडे वास्तुशांती निघाली आणि हे मंगळवारी चार दिवसांसाठी गेले. बुधवारी सकाळी नारळ घेऊन साइटवर पोचले, तर झिपरू म्हणाला, "सळई बांधायची राह्यली, बाई. शुक्रवारी टाकू."

माझा जीव टांगणीला. हे शुक्रवारी दुपारी परत येणार होते. पण गुरुवारी साइटशेजारच्या यशोदाबाईंकडे त्यांचा फोन आला. यजमानांनी आग्रह केला, रविवारी येतो. यशोदाबाईंचं घर आमच्या प्लॉटच्या मागेच. निरोप ऐकून मी त्यांच्या देवघरात साखर ठेवली.

शुक्रवारी स्लॅब पडला. मी जिलबी, मसालेभात आणि मठ्ठा केला. माणसांना मटणाची आशा होती, पण झिपरू म्हणाला, "बामनाचं घर हाय, गोडावर भागवा." आणि सगळे दोनदोनदा वाढून घेऊन जेवले.

रविवारी हे आले. स्वयंपाकघराला कुलूप. आत स्लॅबचे टेकू उभे होते ना, आणि वर पाणी मारणं चालू!

"पंधरा दिवस आत जायचं नाही," मी म्हटलं. "लादी बसवलीय."

"आणि वरून पाणी का ठिबकतंय?"

"फळ्या भिजवताहेत. नाहीतर पिळवटतात."

"अस्सं," हे म्हणाले. एवढा शिकलेला माणूस इतका भोळा कसा, म्हणून मला त्यांची दया आली.

आम्ही राहायला आलो. गंगापूर रोडवरून जाणारे स्कूटर थांबवून घर बघत. रिक्षावाले 'बर्फवाल्यांचं घर' म्हणू लागले. हे रोज सज्जात खुर्ची टाकून बसत आणि बघणाऱ्यांना बघत. माझी पंचाईत एवढीच झाली की घराबाहेर पडायचं दार एकच, तेही बरोबर त्या सज्जाखाली. तिथून मी घराच्या मागे वळले असते, तर ह्यांना दिसलं असतं. मागे त्यांनी कधी जाऊ नये म्हणून आमच्या वास्तुशांतीच्या दुसऱ्याच दिवशी मी जाहीर करून टाकलं की तिकडे धामण दिसली. हे धामणीलाच काय, गांडुळालाही भितात.

"आणि तू वाळवण कुठे घालणार?" त्यांनी विचारलं.

"यशोदाबाई देणार आहेत त्यांची गच्ची."

झालं. एकदा बोलले ते निभावणं आलं. दर उन्हाळ्यात चिकाचं गरम पातेलं फडक्यात धरून मी फाटकातून बाहेर पडायची, कोपऱ्यावरून वळायची, यशोदाबाईंच्या अंगणातून कंपाउंडच्या फटीतून आत शिरायची आणि शिडीने माझ्याच गच्चीवर चढायची. एका दिवसात चार खेपा. वरून हे सांगायचे, "यशोदाबाईंना माझा नमस्कार सांग हं." नागपंचमीला तर आठवणीने म्हणायचे, "मागे धामणीला दूध ठेवलंस का?" मी ठेवायची. मांजर प्यायचं.

पण वर पोचलं की सगळं विसरायला व्हायचं. छपराच्या आडोशाला माझी गच्ची, वर मोकळं आभाळ, एका रांगेत कुरडया, एका रांगेत सांडगे, कोपऱ्यात सालपापड्या. कुणाच्या गाद्या नाहीत, कुणाचे भाचे नाहीत. तिथे मी खरंच सुखात असायची.

मन मात्र खायचं. आपण नवऱ्याला फसवलं, हे विसरता येत नव्हतं. त्यामुळे घराला नाव ठेवायला माझी जीभ रेटेना. माळ्यावरची खोली मे महिन्यात भट्टीसारखी तापायची. जिना इतका अरुंद की कपाट वर चढेना, ते अजून दिवाणखान्यात उभं आहे. चिमणीतून पारव्यांची घाण पडायची. पण पाहुणे आले की मीच त्यांना फिरवायची आणि म्हणायची, "ह्यांची हौस हो. किती छान झालंय ना?" हे सज्जातून मान डोलवायचे.

दोन हजार सालच्या चैत्रात सकाळी सातला मी चिकाचं पातेलं घेऊन दारातून निघाले, तर समोर झिपरू. त्याच्या बायकोने, भागीबाईने, नागलीचे पापड पाठवले होते. हे सज्जातून खाली उतरले. झिपरूने वाकून नमस्कार केला.

"गुरुजी, पोरगं नवं घर बांधतंय गावाला. कौलं नको म्हन्तो, स्लॅबच पायजे. गावातला पयलाच." झिपरू कौतुकाने हसला. "मागं तुमच्या स्लॅबला दिला तसा मुहूर्त काढून द्या. तीन सालं झाली, थेंब नाय गळला."

पातेलं माझ्या हातातून सुटलं नाही हीच देवाची कृपा. झिपरूने माझं तोंड पाहिलं, जीभ चावली आणि एकदम कुंड्यांतली सदाफुली बघू लागला.

"तुमच्या स्लॅबला?" मी म्हटलं.

"शुक्रवारचा," हे शांतपणे म्हणाले. "तू काढलेल्या बुधवारी भद्रा होती, शुभकार्याला वर्ज्य. हा गुपचूप मला विचारायला आला, नाहीतर भद्रेवर स्लॅब पडला असता."

"म्हणून नामपूरला दोन दिवस जास्त राहिलात?"

"तिसऱ्या दिवशी यजमानांकडे कामच उरलं नव्हतं. कांद्याचा लिलाव बघत बसलो."

"आणि टाकी? आणि धामण?" माझा आवाज चढला. "तीन वर्षं मी हे गरम पातेलं घेऊन गल्लीला वळसा घालतेय, आणि तुम्ही वर बसून यशोदाबाईंना नमस्कार पाठवताय!"

"मग काय करणार? तूच सांगितलंस गच्ची त्यांची आहे."

"पण बोलला का नाहीत?"

हे चष्मा काढून धोतराला पुसू लागले. काहीतरी कबूल करायचं असलं की ते तसंच करतात.

"गच्ची तुला हवी होती, ती झाली याचं मला बरंच वाटलं," ते म्हणाले. "पण तसं बोललो असतो, तर दुसऱ्या दिवसापासून तू चिमणीवर आली असतीस, मग जिन्यावर, मग माळ्यावर. तीन वर्षं झाली, इंदिरा. या घराला तुझ्या तोंडून एक वाकडा शब्द ऐकला नाही. उलट पाहुण्यांना तूच फिरवून दाखवतेस. इतकं सुख मला अठ्ठावीस वर्षांत मिळालं नव्हतं."

मला राग आला. हसूही येत होतं, आणि त्याचा अजूनच राग आला. झिपरू पापड पायरीवर ठेवून कधी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला, ते कळलंही नाही.

मी पातेलं ह्यांच्या हातात दिलं. "धरा. आणि चला मागे."

"अगं, पण माझे गुडघे..."

"माझे गुडघे आठवले होते का वळसा घालताना?"

ते पातेलं सांभाळत माझ्यामागून घराच्या मागे वळले. धामण नाही हे माहीत असूनही पायाखाली दोनदा पाहिलं. शिडीवर मी पुढे, हे मागे, पातेलं मध्ये. वर पोचल्यावर ते दम खात उभे राहिले आणि छपराची पाठ पहिल्यांदाच नीट पाहू लागले. नुसता कच्चा गिलावा, एका खिळ्याला अडकवलेला माझा सोऱ्या आणि दोरीवर जुनं नऊवारी लुगडं.

"त्या फोटोतल्या घरामागेही असंच काहीतरी असेल, नाही?" ते म्हणाले. "तिथल्या बाईचं."

मी खिळ्यावरचा सोऱ्या काढला. सोऱ्यात चीक भरला, त्यांच्या हातात कावळे हाकायची काठी दिली आणि पहिली कुरडई घातली. मग म्हटलं, "आता ऐका."

मी चिमणीपासून सुरुवात केली. पातेलं संपलं तेव्हा जिन्यापर्यंत आले होते. माळा अजून बाकी होता, आणि हे काठी धरून निमूट बसले होते.