शेवटची दोन बोटं

सुनेचा हट्ट घरात सगळ्यांनाच ठाऊक होता. एखाद्या गोष्टीच्या ती हात धुऊन मागे लागली, की ती तडीस नेल्याशिवाय कुणाची सुटका नाही. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तिने ऐकू न येणाऱ्या सासऱ्यांना समोर बसवलं आणि त्यांच्या खुणा कागदावर उतरवायला घेतल्या. हात कुठे, तळवा कुणीकडे, कोणती बोटं उघडी, कोणती मिटलेली, हालचाल किती वेळा, प्रत्येकाला एक चिन्ह. सहा वर्षांत तीनशे बारा खुणा झाल्या. त्या आता खुणांच्या एका कोशात छापल्या जाणार होत्या. मामंजी वरवर काही दाखवत नसत, पण लिहायला बसायच्या दिवशी न चुकता दाढी करत.

छपाईला आठवडा उरला असताना कोशाच्या कार्यालयात पडताळणी झाली. मामंजींना कधीही न पाहिलेल्या एका बाईने नुसत्या कागदावरून खुणा करून दाखवायच्या, अशी पद्धत. बाईने पहिली केली, दुसरी केली, दहावी केली. दर वेळी उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी तळव्यात गुडूप.

"ही दोन बोटं सारखी मिटलेली का?" संपादकांनी विचारलं.

आता कुठे सुनेच्या लक्षात आलं. मामंजींना ती दोन बोटं नव्हतीच. ऐन पंचविशीत छापखान्यातल्या कागद कापायच्या यंत्राने ती नेली होती. तो हात रोज पाहून पाहून तिला त्यातलं उणं दिसेनासं झालं होतं, आणि नसलेली बोटं तिने इमानेइतबारे मिटलेली म्हणून लिहिली होती.

"एका माणसाचा अपघात म्हणजे भाषा नव्हे," संपादक म्हणाले. "सोमवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर तुमची वही वगळावी लागेल."

घरी तिने हे खुणांनी सांगितलं तेव्हा मामंजींचा चेहरा एवढासा झाला.

'दुरुस्त कर,' त्यांचे हात म्हणाले. 'माझं थोटेपण पुस्तकात नको.' मग धडधाकट डाव्या हाताची पाची बोटं पसरून त्यांनी 'घर' करून दाखवलं. 'अपघाताआधी मी असंच करायचो.'

पण डोळ्यांदेखत कुणी करतं तेच लिहायचं, आठवणीतलं नाही, असा सुनेचा नियम होता, आणि तो ती सासऱ्यांसाठीही मोडणार नव्हती. अपघातानंतर मामंजींनी वीस वर्षं संध्याकाळचा वर्ग चालवून बहिऱ्या मुलांना खुणा शिकवल्या होत्या. त्यांतली एक विद्यार्थिनी आता कोपऱ्यावरच्या बेकरीत भट्टी सांभाळत होती, दहाच्या दहा बोटं शाबूत असलेली. ती खुणा कशा करते ते पाहायला सुनेने वही काखेत मारली आणि नको नको म्हणणाऱ्या मामंजींना चपला घालायला लावल्या.

मास्तरांना पाहून बेकरीवालीला कोण आनंद झाला! पिठाचे हात तसेच हलवत तिने बातम्यांचा सपाटा लावला. नवी भट्टी घेतली, मुलगी शाळेत पहिली आली, घर बदललं. प्रत्येक खुणेत तिची शेवटची दोन बोटं घट्ट मिटलेली होती.

मामंजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. 'माझी नक्कल करते!' ते सुनेकडे वळले. सून अडवणार तोच त्यांनी तावातावाने डावा हात वर केला आणि पाची बोटं फाकून 'घर' केलं, चांगलं दोनदा.

बेकरीवालीच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे काय भलतंच? तिने त्यांचा हात धरला, करंगळी खाली दुमडली, मग अनामिका, आणि ती तशीच अंगठ्याने दाबून ठेवली. मोकळ्या हाताने तिने सांगितलं, 'तुम्हीच तर असं शिकवलंत. माझी मुलगीही असंच करते.'

मामंजी आपल्या पीठ लागलेल्या हाताकडे बघत राहिले. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग दोन बोटं मिटून त्यांनी 'घर' पुन्हा केलं. बेकरीवालीने मान डोलावली.

'लिही,' ते सुनेला म्हणाले. 'तिचं बरोबर आहे. माझंच चुकत होतं.'