बदलून राहिलो

चौदा गाड्यांची मोट बांधून ती नागपूरहून चेन्नईकडच्या रेस ट्रॅकवर न्यायची, हे काम मुग्धाने आपणहून अंगावर घेतलं होतं. कार क्लबात ती एकटी पुण्याची, आणि नियोजन फक्त आपल्यालाच जमतं असं वाटण्याचा रोग पुण्याच्या माणसाला जन्मजात असतो. नवऱ्याच्या बदलीमुळे नागपुरात येऊन तिला जेमतेम काही महिने झाले होते. तरी वाटेतल्या राज्यांमधले मुक्काम, टोल, इतवारीतल्या गुलाबचंदांसाठी कांदा-लसूण नसलेलं जेवण, सगळं तिने चोख जमवलं. क्लबचे अध्यक्ष कृष्णकांतकाका म्हणालेसुद्धा, "पोरगी कामाले वाघ आहे."

काकांचा नियम मात्र कडक होता, आणि तो त्यांनी मुग्धाच्याच गळ्यात घातला होता. चारही चाकांच्या ब्रेकमध्ये नवं ऑइल भरल्याशिवाय एकही गाडी निघणार नाही. रोजच्या रस्त्यावर जुनं ऑइल चालून जातं. ट्रॅकवर सारखे जोरात ब्रेक मारावे लागतात, तेव्हा ते तापून उकळतं आणि ब्रेकवरचा पाय खाली जातो तो जातोच. गाडी थांबत नाही.

निघायच्या सकाळी सगळे वर्धा रोडवर जमले. नव्हता तो ऋषी. त्याचं उमरेड रोडला गॅरेज होतं. एक जुनी छोटी गाडी त्याने खपून ट्रॅकसाठी तयार केली होती आणि क्लबात त्याच्या तोडीचं चालवणारं कोणी नव्हतं. मुग्धाने फोन लावला.

"ऋषी, ब्रेक ऑइल बदललंत ना?"

"बदलून राहिलो ताई."

बदलून तयार राहिलाय, असं तिच्या पुणेरी कानांनी ऐकलं. "छान! मग निघा लवकर. सगळे खोळंबलेत."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "निघू?"

"अहो, निघा!"

मुक्काम करत सगळे चेन्नईला पोचले आणि ट्रॅकवरच्या पहिल्या फेऱ्या मजेत पार पडल्या. दुपारी ऋषीची बायको दामिनी मुग्धाशेजारी डबा उघडून बसली होती. ऋषी पुन्हा ट्रॅकवर गेला होता. तेवढ्यात दामिनीला सासूचा फोन आला. "हाव आई, बरे आहो आमी. जेवून राहिली मी," असं म्हणत तिने पोळीचा तुकडा भाजीत बुडवला.

मुग्धा त्या तुकड्याकडे बघत राहिली. डबा अजून निम्माही संपला नव्हता. जेवून राहिली म्हणजे जेवण झालं नाही. जेवण चालू आहे.

"दामिनी, ऋषींनी ब्रेक ऑइल बदललं होतं ना?"

"बदलूनच राहिले होते, तं तुमचा फोन आला. मांगच्या चाकांचं झालं होतं, पुढच्यांचं राहिलंच, वाटंतबी जमलं नाही. मी म्हटलं, पुरं होऊ द्या. तं म्हणे, ताईनंच निघा म्हटलं, हळू चालवीन मी."

हळू चालवीन म्हणणारा ऋषी त्या घडीला क्लबातल्या पियुषच्या भल्यामोठ्या गाडीच्या मागे हात धुऊन लागला होता. त्याच्या हाती स्टिअरिंग आलं की हळू हा शब्द तो विसरतो, हे सगळ्या क्लबाला ठाऊक होतं. मुग्धा धावत सुटली. झेंडा दाखवणाऱ्या माणसाला तिने धड सांगितलंही नाही, नुसती ओरडली. लाल झेंडा वर गेला. पियुषची गाडी मंदावली. ऋषीने तिला चुकवलं, त्याच्या गाडीचे मागचे ब्रेकचे दिवे लागले, विझले, पुन्हा लागले, आणि गाडी होती त्याच वेगात वाळूत शिरून टायरांच्या भिंतीवर आदळली.

ऋषी वाचला. पाय मात्र मोडला होता, आणि तो बाहेर काढताना त्याने मारलेली किंकाळी सगळ्यांनी ऐकली. काका लालबुंद होऊन आले.

"विचारलं होतं ना तू त्याले, मुग्धा? काय म्हणाला तो?"

सगळे तिच्याकडे बघत होते. स्ट्रेचरवर ऋषीने डोळे मिटले होते. बदललं म्हणाले, एवढे दोन शब्द बोलली असती तर ती सुटली असती. ऋषीचं नाव क्लबातून गेलं असतं, आणि नियम मोडणाऱ्याच्या गॅरेजात पुन्हा गाडी कोण देणार? मुग्धाला त्या दोन शब्दांचा मोह झाला. खरंच झाला.

"ते खरं बोलले होते, काका," ती म्हणाली. "बदलून राहिलो म्हणाले. मला वाटलं, झालं बदलून."

एरवी यावरून क्लबाने तिला वर्षभर चिडवलं असतं. आज कोणी हसलं नाही. काकांनी मान खाली घातली.

दामिनी ऋषीच्या उशाशी उभी होती. तिचा आवाज चढलासुद्धा नाही.

"नाही समजलं तं पुन्हा विचारा लागत होतं ना ताई. त्यायनं तं विचारलं होतं, निघू का म्हणून. तुमी निघा काहून म्हटलं?"

सगळे खोळंबले होते म्हणून. खरं उत्तर एवढंच होतं.