मध्येच सोडून गेलेले

मानसशास्त्र विभागातली मुलं तिला पाठीमागे झोपमॅडम म्हणायची आणि तिला ते ठाऊक होतं. माझ्या तासाला कुणी पेंगलं तर मी रागवत नाही, विषयात शिरलाय म्हणून कौतुकच करते, असं ती स्वतःच सांगायची.

तिनं उमेदीची सगळी वर्षं एका प्रश्नापायी घालवली होती. महिनोन्महिने ज्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही, त्यांना गोळ्यांशिवाय झोपायला शिकवलं तर त्यांचं खचलेलं मनही सावरेल का? त्यासाठी तिनं माणसं जमवली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटाला लगेच शिकवायला घेतलं. दुसऱ्याला सांगितलं, तीन महिने थांबा, मग तुमची पाळी. तुलना करायची तर असंच करावं लागतं. निकाल स्पष्ट आला. शिकलेल्यांची झोप सुधारली, मनही वर आलं. शोधनिबंध नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला, वर्तमानपत्रांनी बातमी केली. विभागप्रमुख सर एरवी कुणाला चहासुद्धा विचारत नसत, पण त्या दिवशी ते स्वतः केक घेऊन आले.

बातमीनंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी, एक बाई तिच्या खोलीत आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचं काम करते, असं तिनं सांगितलं. धाकटा भाऊ गोदीत क्रेन चालवायचा. पाळ्या बदलून बदलून त्याची झोप उडाली होती आणि तो इथं नाव नोंदवून गेला होता. तो गेला. स्वतःच्या हातानं. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं, घोटून आल्यासारखं. मग विचारलं, "बातमीत म्हटलंय सगळ्यांना फायदा झाला. मग त्याला का नाही झाला?"

झोपमॅडमनं संगणकावर शोधलं. तो थांबलेल्यांच्या गटात होता. पहिल्या मुलाखतीत, जीव नकोसा वाटतो का, या प्रश्नाला त्यानं नाही म्हटलं होतं. पुढे त्याचा फोन लागेना, म्हणून नियमाप्रमाणे त्याला हिशेबातून वगळलं होतं. निबंधात तशा सगळ्यांसाठी मिळून एकच वाक्य होतं, काही जण अभ्यास मध्येच सोडून गेले. तिनं ते बाईला वाचून दाखवलं. लपवावं असं क्षणभर मनात आलंही, पण जीभ रेटली नाही.

"त्याचा फोन माझ्याकडेच होता," बाई म्हणाली. "त्यानं तुमचा नंबर 'झोप' म्हणून ठेवला होता. तो गेल्यावर फोन वाजायचा आणि वर दिसायचं, झोप. मला उचलवलं नाही."

झोपमॅडमनं पाण्याचा पेला पुढे सरकवला, तो बाईनं घेतला नाही.

"तेवढं वाक्य बदला," जाताना ती म्हणाली. "त्यानं सोडलं नव्हतं. माझा नंबर येईल ताई, म्हणायचा. तो वाट बघत होता."

सरांचं मत पडलं की उगाच खाजवून खरूज काढू नये. नैतिकता समितीची परवानगी होती, गट चिठ्ठीनं ठरले होते, थांबणाऱ्यांना कधीही डॉक्टरकडे जायची मोकळीक होती. त्यांचा एकही मुद्दा खोटा नव्हता. तरी तिनं इतर हरवलेल्यांच्या घरी स्वतः जाऊन चौकशी केली. बाकीचे गाव बदलून गेलेले, कंटाळलेले, पण जिवंत होते. मग तिनं त्या भावाला धरून सगळे आकडे नव्यानं मांडले.

मृत्यू थांबलेल्यांच्या बाजूला पडला, त्यामुळे दोन गटांतलं अंतर आणखी वाढलं. उपचार आधी वाटला त्यापेक्षाही सरस ठरला. सरांचा चेहरा खुलला. "बघा, निकाल आणखी पक्का झाला," ते म्हणाले. "आता खुशाल पाठवा दुरुस्ती."

ती त्यांच्या खोलीतून निघाली ती तडक बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

दुरुस्ती छापून यायला बरेच महिने लागले. मागच्या पानावर, बारीक अक्षरात: थांबलेल्या गटातील एका व्यक्तीचा आत्महत्येने मृत्यू झाला, तिची नोंद चुकीने मध्येच सोडून गेलेल्यांत केली गेली होती. पुढच्या अभ्यासात थांबणाऱ्यांना दर आठवड्याला भेटायचंच, असा तिनं हट्ट धरला. खर्च परवडेना, म्हणून तो अभ्यास दुसऱ्याकडे गेला. तिथं थांबणाऱ्यांना कुणी भेटत नव्हतं.

ते पान घेऊन ती चष्म्याच्या दुकानात गेली. बाईनं यंत्र थांबवलं, हात पुसले आणि तिच्याकडून ती इंग्रजी ओळ आपल्या भाषेत सांगून घेतली. दोनदा.

"एक व्यक्ती," बाई म्हणाली. "बरं."

मग बाईकडून कळलं की भाऊ गेल्यापासून आईची झोप पार उडालीय. झोपमॅडम म्हणाली, उद्याच घेऊन या, थांबायचं काही नाही, मी स्वतः बसते त्यांच्यापाशी. बाईनं होकारार्थी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाई एकटीच आली. दारातूनच म्हणाली, आईला खूप समजावलं. ती म्हणते, आता झोपून मला कुठं उठायचंय? बाई बसलीही नाही. दुकान उघडायचं होतं.