काचेबाहेरचा कूलर

मी एक जुना लोखंडी कूलर आहे, मित्रांनो. माझा स्वभाव फारसा चांगला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी हेवेखोर आहे.

लातूरच्या गंजगोलाईमागे जिलानीभाईंचं पत्र्याचं दुकान आहे. तेरा वर्षांपूर्वी तिथं माझा जन्म झाला. जिलानीभाईंनी पत्रा कापला, वाकवला, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या बसवल्या, खाली पाण्याची टाकी केली आणि मधोमध अठरा इंची पंखा लावला. निळा रंग दिल्यावर ते दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "माशाल्ला, नवरदेव दिसायलास!"

मला नेलं रेवणप्पांनी. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी खेड्यापाड्यांतून लातुरात येणाऱ्या मुलींकरता ते अभ्यासिका चालवतात. सगळ्या त्यांना अप्पा म्हणतात. मला खिडकीत मानाची जागा मिळाली. चैत्र लागला की माझ्यासमोरच्या खुर्च्या धरायला मुली सहालाच दप्तरं आणून ठेवायच्या.

नायगावची पंचशीला दोन वर्षं माझ्यासमोरच बसली. केस उडू नयेत म्हणून ती ओढणी डोक्याला गुंडाळायची आणि पानावर पट्टी ठेवायची. माझी मोटर तापली की तिलाच आधी कळायचं. "अप्पा, ह्येला जरा दम खाऊ द्या," ती म्हणायची. मला वाटायचं, ही माझीच आहे.

मग अप्पांनी अभ्यासिकेचं काम काढलं. त्यांना हरित इमारतीचं मानांकन हवं होतं. त्यात वीज, पाणी, उजेड, हवा असं सगळं तपासून इमारतीला गुण देतात. "पोरींला गुण आणा म्हणतो, मंग आपल्या इमारतीनं बी आणावं की!" अप्पा हसून सांगायचे.

ठेकेदारानं खिडक्यांना जाड काचा लावल्या, फटी बुजवल्या आणि भिंतीवर पांढराशुभ्र एसी चढवला. मला उचलून व्हरांड्यात ठेवलं, त्याच खिडकीबाहेर.

काचेतून मला सगळं दिसायचं. तो खडखडत नव्हता, पाणी उडवत नव्हता. मुली त्याच्याकडे मान वर करून बघायच्या. पंचशीलानं तर पहिल्याच दिवशी खुर्ची उचलून त्याच्याखाली नेली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. माझा नुसता जळफळाट झाला. दोन वर्षांची सोबत, आणि एका दुपारीत विसरली! मी रोज एकच मागणं मागू लागलो. हा बिघडू दे.

तो काही बिघडला नाही. मुलीच मलूल होऊ लागल्या. दुपार झाली की जांभया सुरू व्हायच्या. कुणाचं डोकं दुखायचं, कुणाला मळमळायचं. पंचशीला पुस्तकावरच झोपायची. सराव परीक्षेत तिचे गुण घसरत गेले. मुख्य परीक्षा एकोणीस दिवसांवर आली असताना ती पिशवी भरून अप्पांसमोर उभी राहिली.

"अप्पा, म्या गावाकडं चालले. वाचलेलं ध्यानातच राहिना. माझ्याच्यानं न्हाई व्हत."

अप्पांनी तिच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली. आणि मला, मित्रांनो, आनंद झाला. जा अजून त्याच्याखाली, असं मी मनात म्हणालो. ती व्हरांड्यात आली, माझ्या पत्र्याला पाठ टेकून बसली आणि रडू लागली. तिच्या हुंदक्यांनी माझा पत्रा थरथरत होता. तेव्हा कुठं मला माझीच लाज वाटली.

त्याच दुपारी मानांकनाची तपासणी करायला इंजिनिअर स्वप्नाली आली. इमारतीत हवा खेळती कशी ठेवायची, हेच तिचं काम. मूळची शिरूर अनंतपाळची. हातातलं छोटं यंत्र घेऊन ती आत गेली आणि कपाळाला आठ्या घालून बाहेर आली.

"अप्पा, बाहेर आकडा सव्वाचारशे हाय. आत अडीच हजार."

"कशाचा गं?"

"आपण सोडलेल्या श्वासाचा, मंजे कार्बन डायऑक्साइडचा. ह्यो एसी आतलीच हवा गार करून फिरवायलाय. गार हवा येगळी, ताजी हवा येगळी. चाळीस पोरी एकमेकींची उष्टी हवा घ्यायल्यात. झोप येणार न्हाई तर काय?"

पंचशीलानं डोळे पुसले. "मंजे माझं डोकं बिघडलं न्हाई?"

"तुझं डोकं झकास हाय. खोली बिघडलीय."

अप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "मंग ह्यो कूलरच परत बसवावा का?"

माझी पाती जागच्या जागी हलली असतील! पण स्वप्नालीनं मान हलवली. "न्हाई अप्पा. ह्यो दिवसाला शंभर-दीडशे लिटर पाणी पितो. आपल्या लातुरात?"

मला राग आला, पण तिचं खरं होतं. टंचाईच्या उन्हाळ्यात ह्याच मुलींच्या मोठ्या बहिणी टँकरपुढं घागरी घेऊन उभ्या असायच्या, आणि मी कोरड्या टाकीवर रुसून बसायचो. तहान मला एकट्यालाच लागते, असं मला वाटायचं.

स्वप्नाली वाकली आणि तिनं माझी पाती बोटानं फिरवून पाहिली. "पन ह्येचा पंखा लई दमदार हाय."

दुसऱ्या दिवशी जिलानीभाई आले. त्यांनी स्वतःच्या हातांनी मला खोललं. "टाकी गेली तर जाऊ दे, बेटा. जान तर पंख्यात असते," असं पुटपुटत त्यांनी मला मागच्या भिंतीत उंचावर बसवलं. समोरच्या भिंतीत ताज्या हवेसाठी जाळीचा झरोका केला. आता भिंतीवर लावलेल्या तशाच छोट्या यंत्रात आतला आकडा हजारावर गेला की मी आपोआप फिरू लागतो आणि उष्टी हवा बाहेर ओढतो. माझा निळा पत्रा भंगारात गेला.

पंचशीला थांबली. तिसऱ्या दिवसापासून ती दुपारी जागी राहू लागली. उरलेले दिवस तिनं पिसाटासारखा अभ्यास केला आणि तिला मेडिकलला जागा मिळाली.

पुढं मानांकनाचा फलक आला. अप्पांनी पेढे वाटले. सगळ्यांचा फोटो काढला, तोही एसीखाली. पंचशीला अगदी मधोमध उभी होती. फोटोत मी कुठंच नाही. खरं सांगतो, मला पुन्हा हेवा वाटला. हेवा असा एका उन्हाळ्यात जात नाही.

तरीही एक विनंती आहे, मित्रांनो. महिन्यातून एकदा माझी पाती पुसा, झरोक्यापुढं कपाट ठेवू नका. आणि त्या पांढऱ्याची जाळीही धुवा. धूळ साचली की तो धापा टाकतो. तुम्हाला ते ऐकू येत नाही, मला येतं. तो बिचारा आवाज करत नाही, म्हणून त्याच्या वतीनं मीच सांगतो.