तांबड्या रेघेचे चाक

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तोंडाचा आ करू नका. तो बऱ्याच जणांनी करून झाला आहे. मी एका जुन्या, दणकट, आडरानात फिरणाऱ्या गाडीचे मिश्रधातूचे चाक आहे. माझ्यात पाहिले तर तुम्हाला तुमचा चेहरा दिसेल. चाकात चेहरा कशाला पाहायचा, हे मला अजून उमगलेले नाही. पण पाहणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यातले बहुतेक जण केस सारखे करून निघून जातात.

जन्मतः मी असे नव्हते. वितळलेला धातू साच्यात ओतून आम्हा पाच भावंडांना एकाच दिवशी घडवले गेले. चार जमिनीवर धावण्यासाठी आणि पाचवे गाडीच्या पाठीवर, अडचणीच्या वेळेसाठी. आमचा रंग मळकट रुपेरी होता. साच्यातून बाहेर आल्यावर कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. कामगाराने आम्हाला एकेक करून फिरवून पाहिले, आम्ही सरळ फिरतो याची खात्री केली आणि तो पुढच्या चाकाकडे वळला. मला विचाराल तर आयुष्यात मिळालेले सर्वांत सभ्य कौतुक ते तेवढेच.

आमची गाडी गुरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी घेतली. वस्त्या दूर दूर, मध्ये खडी, चिखल आणि कोरडे ओढे. बाई रोज निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारीत आणि प्रत्येक टायरला पायाने ठोकर देत. तिचा आवाज ऐकून मगच गाडीत बसत. आम्हाला त्यांनी कधी पुसले नाही, पण रोज विचारपूस मात्र केली.

बाईंची आणखी एक पद्धत होती. औषध दिलेल्या जनावराच्या पाठीवर त्या तांबड्या रंगाची एक जाड रेघ ओढीत, म्हणजे त्याच जनावराला चुकून दुसऱ्यांदा औषध जायचे नाही. रंगाचा तो डबा गाडीत कायम असे.

एकदा कोरड्या ओढ्यातून जाताना मी एका खडकाच्या धारेवर आपटले. माझी कड वाकली. दुरुस्तीवाल्याने ती ठोकून सरळ केली, मग आतल्या बाजूने बोट फिरवले आणि म्हणाला, "बाई, हे आतून तडकलंय. केसाएवढी भेग आहे. घरापर्यंत नेईल, पण उतारावर, जोरात, याच्यावर भरवसा टाकू नका. फुटलं तर सांगून फुटणार नाही."

बाईंनी तांबडा डबा उघडला आणि माझ्या आतल्या अंगावर आडवी रेघ ओढली. "आजपासून तू मागे बसायचं," त्या मला म्हणाल्या. "फक्त घरी पोचवायचं काम तुझं."

मी पाठीवर गेले, पाचवे माझ्या जागी आले. पुढे जेव्हा जेव्हा दुसरे चाक पंक्चर झाले, तेव्हा बाईंनी आधी माझ्यात हवा भरली, कारण ती माझ्यातून हळूहळू निसटे, आणि मग मला बसवून गाडी सावकाश चालवली. मित्रांनो, एक गोष्ट लक्षात घ्या. मी बसवले गेले की गाडी नेहमी घराच्या दिशेनेच जाई. चाकाला याहून अधिक मान मिळू शकतो, असे मला वाटत नाही.

मग बाईंचे गुडघे थकले. गाडी घरामागच्या छपराखाली गेली. तिच्यावर जुनी गादी आली, मोडका पंखा आला. हे दुर्लक्ष मला फारसे बोचले नाही. बोचली ती त्यानंतरची माया.

बाईंना एक मुलगा आहे. मी त्यांना चिरंजीव म्हणते. शाळेत असताना चिरंजीवांना या गाडीची लाज वाटे. "आई, मला कोपऱ्यावरच सोड, गाडीला गुरांचा वास येतो," असे ते रोज सांगत आणि बाई त्यांना रोज कोपऱ्यावर सोडत. या माणसाने आयुष्यात कधी बॉनेट उघडले नव्हते. पण एके दिवशी कोणाची तरी लखलखीत केलेली जुनी गाडी त्यांनी मोबाइलवर पाहिली, आणि संध्याकाळपर्यंत आमची गाडी हा 'आमच्या घराण्याचा वारसा' झाला. गादी खाली आली. पंखा भंगारात गेला. चिरंजीवांनी नवी टोपी घेतली.

जुन्या गाड्यांचे प्रदर्शन टेकडीखालच्या मैदानावर रविवारी भरणार होते. आम्हा पाचही चाकांचे टायर उतरवून आम्हाला पॉलिशवाल्याकडे नेण्यात आले. त्याच्या तोंडी सदा एकच शब्द असे, म्हणून चिरंजीवांच्या पत्नीने त्याचे नावच 'चकाचक' ठेवले होते. पत्र्याची लांबट खोली, भिंतींवर काळी धूळ, फिरणारी कापडी चाके आणि कोपऱ्यात रंग उतरवण्याच्या रसायनाची टाकी. त्या टाकीत आम्हाला बुडवले. माझी तांबडी रेघ आधी फुगली, मग तिला सुरकुत्या पडल्या, आणि चकाचकने पाण्याचा फवारा मारताच ती मोरीतून निघून गेली. ही कोणी ओढली, कशासाठी ओढली, असे एकाही शहाण्याने विचारले नाही. घाणीबरोबर जे जे निघेल ते सारे घाणच, असे या लोकांचे ज्ञान.

आता आम्ही पाचही नागडी आणि बिनखुणेची झालो होतो. चकाचक म्हणाला, "साहेब, आधी तपासून घेतो. पातळ रंग लावून पुसला की भेग असेल तिथे तो परत वर येतो. मगच पॉलिश."

"आणि त्यात दिवस जाणार," चिरंजीव म्हणाले. "रविवारी प्रदर्शन आहे. आधी चमकव, तपासणी मागाहून कर. आणि आतूनही चमकव हं, तिथे गाडीखाली आरसा ठेवतात."

"मागाहून तर मागाहून. तुमची गाडी, तुमची घाई."

असा तो कामाचा क्रम उलटला. एकाला ठाऊक असूनही पुन्हा बोलायचा कंटाळा, दुसऱ्याला ऐकायचा. खरखरीत कागद, मग मऊ कागद, मग कापडी चाक आणि मेणासारखा लेप. आमचा धातू मऊ असतो. घासता घासता त्याचा पातळ पापुद्रा सरकतो आणि भिंतीच्या चिरेवर गिलावा बसावा तसा भेगेवर बसतो. माझी भेग तशीच होती, फक्त तिचे तोंड बुजले होते. त्यानंतर तपासणीचा रंग लावला, पुसला, आणि अर्थातच काही वर आले नाही.

"एकदम चकाचक!" चकाचक म्हणाला.

यापुढचा विनोद ऐका. भावंडांमध्ये सर्वांत कमी झिजलेले चाक मीच होते, कारण मी सर्वांत कमी धावले होते. म्हणून सर्वांत सुंदर चमक मलाच चढली. चिरंजीवांनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि म्हणाले, "हे पुढे बसव. ड्रायव्हरच्या बाजूला." माझ्या ज्या भावंडाने खड्डे, खडी, चिखल हे सारे सर्वांत जास्त सोसले होते, ते खवल्याखवल्यांचे झाले म्हणून त्याला न चमकवताच मागे टांगले आणि वर कापडी झाकण चढवले. पारख म्हणतात ती हीच असावी.

शनिवारी गाडी घरी आली. बाई काठी टेकत अंगणात आल्या. त्यांनी गाडीभोवती आपली जुनी फेरी मारली आणि थांबल्या.

"तांबड्या रेघेचं चाक कुठंय रे?"

"कसली रेघ, आई? सगळे डाग काढले. बघ, नवं कोरं!"

"तो डाग नव्हता. ती मी ओढली होती. ते चाक तडकलेलं आहे."

चिरंजीव हसले. "अगं, पाचही तपासून घेतलीत. कशालाच भेग नाही. तुझ्या औषधांसारखं नाही हे, आता यंत्रं आहेत."

"तपासलं कधी? चमकवायच्या आधी की नंतर?"

"आधी काय, नंतर काय! तपासलं ना?"

बाई माझ्यासमोर वाकल्या. मी त्यांना त्यांचाच चेहरा दाखवला. दाखवायला हवी होती ती गोष्ट दुसरीच होती, आणि नेमकी तीच झाकली गेली होती.

पाचांतले तडकलेले कोणते, ते आता बाईंनाही ओळखता येईना, म्हणून बेत ठरला तो असा, की चिरंजीव मित्राच्या गाडीतून पुढे जाऊन मैदानावर जागा धरतील आणि गाडी येताना तिचे फोटो काढतील. आमची गाडी सूनबाई चालवतील, शेजारी बाई बसतील, आणि टेकडीचा तो लांब, वळणावळणाचा उतार उतरून दोघी मैदानावर येतील. उतार, त्यावर या दोघी, आणि पुढे मी. तुम्ही हसू नका, मित्रांनो. मला ओरडता येत नाही.

रविवारी सकाळी बाईंनी आपली फेरी मारली. पायाने ठोकर देण्याजोगे गुडघे राहिले नव्हते, म्हणून त्यांनी काठीने ठोकले. तीन टायर टणक वाजले. माझा बद्द वाजला.

"अगं, हे बघ जरा," त्यांनी सुनेला हाक मारली. "बसलाय हा."

सूनबाईंनी अंगठ्याने दाबून पाहिले. चाक बदलणे, हवा पाहणे हे सारे त्या सासूकडूनच शिकल्या होत्या. "काल तर मीच हवा भरली होती, आई."

"रात्री गारठा होता, त्यानं बसते हवा," चिरंजीव टोपी नीट करत म्हणाले. "भर आणि निघा."

"बाकीच्या तिघांना गारठा वाजत नाही वाटतं?"

त्यांनी हवा भरली, बादलीत साबण कालवला आणि माझ्या आतल्या अंगावर ते पाणी ओतले. आरशात दिसावा म्हणून जो भाग घासला होता, त्याच लखलखीत भागावर एक बुडबुडा आला. फुटला. त्याच जागी दुसरा आला. टायरातली हवा पातळ पापुद्रा फोडून बाहेर येत होती. इतक्या लोकांत खरे बोलले ते साबणाचे पाणी.

"ही तुमची तपासलेली चाकं," सूनबाई म्हणाल्या.

चिरंजीवांनी बुडबुड्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे. "एवढासा तर आहे! खाली पोचलं की बघू. सावकाश ने."

"बरं. मग तुम्ही चालवा. आणि आईंच्या जागी तुमच्या मित्राला बसवा."

चिरंजीवांना न्यायला आलेला मित्र लगेच दोन पावले मागे सरकला. चिरंजीव उताराकडे पाहत राहिले. माझ्याविषयी त्यांना इतके प्रेम, पण स्वतः माझ्यावर बसायचे म्हटल्यावर त्यांचे तोंड उतरले. मग त्यांची नजर आईकडे गेली. त्या काठी टेकून गाडीच्या दाराशी उभ्या होत्या. तेव्हा कुठे, आपण आज कोणाला कशावर बसवणार होतो, हे त्या माणसाला कळले असावे. त्यांनी टोपी काढून गाडीत टाकली आणि पाना मागितला.

"जॅक लावायच्या आधी नट सैल कर," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे, आई."

"माहीत असतं तर जॅक खाली ठेवला असतास."

चिरंजीवांनी जॅक खाली ठेवला. त्यांनी मला काढले आणि झाकणाखालचे ते खवल्याखवल्यांचे भावंड स्वतः बसवले. नवा सदरा काळा झाला. तीन चाके लखलखीत आणि एक मळकट, अशी गाडी उतार उतरली. चिरंजीव पुढे गेले नाहीत, मागच्या बाकावर बसले.

मी तेव्हा अंगणात पडून होते, म्हणून मैदानावरचे मला नंतर ऐकून कळले. परीक्षकांनी विचारले होते, "चौथं चाक करायचं राहिलं का?" बाई म्हणाल्या, "राहिलं म्हणून तर पोचलो." बक्षीस एका टोपीवाल्याला मिळाले. त्याच्या गाडीत इंजिन नव्हते, म्हणे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नवा तांबडा डबा आणवला आणि तो मुलाच्या हातात दिला. "ओढ रेघ. या खेपेला बाहेरून."

चिरंजीवांनी कुंचला फिरवला, पण रंग ओघळून खाली आला. पॉलिशवर रंग धरत नाही. "खरवडावं लागेल आधी," ते हळूच म्हणाले.

"मग खरवड."

ते खरखरीत कागद घेऊन माझ्यासमोर बसले. मोठ्या हौसेने चढवलेली ती चमक स्वतःच्या हाताने घासू लागले. थांबले की बाई म्हणत, "अजून. नखाला लागलं पाहिजे." धातू पुन्हा मळकट झाला, आणि मग त्यावर रेघ धरली. जाड, आडवी, जरा वाकडी. मी आजवर या माणसाची हेटाळणीच केली. पण ती रेघ त्यांनी नीट वाळेपर्यंत फुंकर घालत राखली, हे सांगितले नाही तर मीही पॉलिशवाल्यासारखेच ठरेन.

आता मी छपराखाली खिळ्याला टांगलेले आहे. येणारे-जाणारे हळहळतात, "अरेरे, एवढं सुंदर चाक, रंग फासून घालवलं!" आणि उरलेल्या चमकदार भागात केस सारखे करतात. त्यांना मी काही सांगू इच्छित नाही. तुम्हाला मात्र एवढेच सांगते, मित्रांनो: कोणाची जुनी वस्तू स्वच्छ करायला घ्याल, तेव्हा तिच्यावरची खूण पुसण्याआधी ती करणाऱ्याला हाक मारा. ते माणूस बहुधा घरातच असते, काठी टेकत, आपल्याला कोणी विचारील म्हणून अंगणापर्यंत आलेले.